एकतीस मार्कांचं पान

ट्रेस फोर्कच्या कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि मग पुढं विद्यापीठात जायचं, असं ज्याच्या मनात आलं त्याला मिस ओलेटाच्या गाडीत बसावंच लागायचं. पोरांना पुढं विद्यापीठात पोहोचवायचं काम कॉलेजानं तिच्याकडे दिलेलं. लग्न होऊन दोन नातवंडं झाली तरी त्या डोंगरात ती मिसच. गाडी म्हणजे तपकिरी रंगाचा एक लांबलचक डबा, मागचं दार आतून न उघडणारं. शुक्रवारी सकाळी ती त्यात चार-पाच जणांना कोंबायची आणि तीन तास डोंगर उतरून विद्यापीठाच्या गावी न्यायची.

तिथं गेल्यावर इतर कॉलेजांची माणसं आधी ग्रंथालय दाखवतात, पुतळे दाखवतात. ओलेटा आधी जेवणघरात न्यायची. ट्रे कुठून उचलायचा, रांग कुठून सुरू होते, उष्टा ट्रे कुठं ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कुणी नसताना कुठल्या टेबलाशी जाऊन बसायचं, हे सगळं ती प्रत्येकाकडून एकेकट्यानं करून घ्यायची. स्वतः दूर खांबाजवळ उभी. कुणी तिच्याकडे बघितलं की मान फिरवायची.

"अभ्यासाला कुणी भीत नाही," ती म्हणायची. "ट्रे घेऊन उभं राहायला भितात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकसष्ट साली ती एकोणीस वर्षांची असताना याच विद्यापीठात आली होती आणि एकोणीस दिवसांत घरी परत गेली होती. पहिल्या परीक्षेत मार्क कमी पडले, आणि त्या दिवशी जेवणघरात ट्रे हातात घेऊन ती इतका वेळ उभी राहिली की कालवण गार झालं. तिनं ट्रे तसाच खिडकीत ठेवला, खोलीवर जाऊन बॅग भरली आणि बस पकडली. घरी कुणी रागावलं नाही. आईनं घेवड्याची डाळ आणि मक्याचा पाव वाढला आणि म्हणाली, बरं झालं आलीस. त्या "बरं झालं"चा राग ओलेटाला पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. नंतर तिनं उन्हाळ्याउन्हाळ्यात शिकून अकरा वर्षांत पदवी घेतली, पण ते एकोणीस दिवस काही तिच्या मनातून गेले नाहीत.

म्हणून तिचा दुसरा नेम ऑक्टोबरातल्या फोनचा. तिनं पोहोचवलेल्या प्रत्येकाला ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करायची. सप्टेंबरात सगळे उत्साहात असतात. ऑक्टोबरात पहिले मार्क लागतात, खारींच्या शिकारीचे दिवस असतात, पानं रंगतात आणि घरची आठवण जिवाला खायला उठते. त्या आठवड्यात ती पोरांच्या आयांनाही फोन करायची आणि त्यांना सरळ झापायची. शुक्रवारी लाडाचं काही शिजवत जाऊ नका, पोरगं वासावर घरी येतं आणि परत जात नाही. आया चिडायच्या. एकीनं तर चर्चमध्ये तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ओलेटाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिचा तिसरा नेम म्हणजे लोखंडी कपाट. कॉलेजात शिकवलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, पुस्तकांची यादी, परीक्षांचे कागद, सगळं एकाहत्तर सालापासून तिनं त्यात लावून ठेवलं होतं. कारण विद्यापीठ कधी काय नाकारेल याचा नेम नसतो. नाव बदललं, आकडा बदलला, की तिथला कारकून म्हणणार, हा विषय आमच्याकडे धरत नाहीत. मग पोराचं अख्खं सत्र पाण्यात. अशा वेळी ओलेटा कपाटातून कागद काढायची आणि कारकुनाच्या तोंडावर धरायची. बहुतेक वेळा त्याला हात टेकावे लागायचे.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मात्र कपाटानंच तिला तोंडघशी पाडलं.

ड्रेमा गेहार्ट तेव्हा छत्तीस वर्षांची होती. पहिल्यांदा कॉलेजात आली ती एकोणिसाव्या वर्षी. दिवसा इस्पितळाच्या धोबीखान्यात काम, आणि गणिताचा वर्ग सकाळचा. मग ओलेटानंच तिला संध्याकाळच्या एका वर्गात घातलं होतं. विषयाचं नाव खाणीचं गणित, शिकवायला डेल्फस कॉडिल. डेल्फस खाणींचा मोजणीदार. आसपासच्या बारा घळींमधल्या खाणींच्या रेषा त्यानं आखलेल्या. वर्गात अठरा खाणकामगार आणि एक ड्रेमा. शेवटी तिला अठरांपैकी सोळांपेक्षा जास्त मार्क पडले. मग लग्न झालं, मुलं झाली, आणि कॉलेज सुटलं. दोन वर्षांपूर्वी परत येऊन तिनं उरलेलं सगळं पुरं केलं. तिला मिडल स्कूलमध्ये गणित शिकवायचं होतं. विद्यापीठानं तिसऱ्या वर्षाला प्रवेशही दिला.

आणि मग विद्यापीठाच्या कचेरीतून फोन आला. खाणीचं गणित हे धंदेशिक्षण आहे, ते त्रिकोणमिती म्हणून धरता येणार नाही, सबब ड्रेमाला पुढचा गणिताचा वर्ग या वर्षी घेता येणार नाही. तो वर्ग फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो. म्हणजे एक वर्ष गेलं. काही कागद असतील तर पुढच्या शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल.

ओलेटानं कपाट उघडलं. डेल्फसची फाईल जागेवर होती. आत एकच कागद होता. त्यावर एकोणीस नावं, एकोणीस निकाल, आणि खाली डेल्फसच्या तिरप्या अक्षरात एक ओळ: "त्यांना जमतं तेवढं शिकवतो, आणि मग त्याहून थोडं जास्त."

ती तिथंच स्टुलावर बसली. तिला स्वच्छ आठवलं. एकोणऐंशी साली विद्यापीठाकडे विषयाच्या मान्यतेचा अर्ज पाठवायला हवा होता, आणि त्यासाठी डेल्फसकडून अभ्यासक्रम लिहून घ्यायला हवा होता. तिनं मागितला नाही. दुसऱ्या कुठल्याही मास्तराच्या मानगुटीवर बसून तिनं तो लिहून घेतला असता. पण डेल्फस कॉडिलकडे कागद मागायचा? ज्याच्या शब्दावर चारशे माणसं रोज डोंगराच्या पोटात जातात, त्याला म्हणायचं, लिहून द्या? त्या डोंगरात असा कागद मागणं म्हणजे माणसाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. डेल्फस कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तीन तासांवरच्या त्या कचेरीला ठाऊक नव्हतं, आणि हे ओलेटाच्या, जिचं पोटच या कामावर, तिच्याच ध्यानात आलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. डेल्फस तर चार वर्षांपूर्वी वारला होता.

तिनं ड्रेमाला बोलावून घेतलं आणि काही न लपवता सांगितलं. चूक माझी आहे म्हणाली.

ड्रेमानं तिला दोष दिला नाही. तेच ओलेटाला जास्त लागलं. ती नुसती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली.

"मिस ओलेटा, एक वर्ष थांब म्हणाल तर मी हो म्हणेन," ती म्हणाली. "पण मी मला ओळखते. मागं एकदा थांबले होते, तर सतरा वर्षं लागली. आता थांबले तर मी उठायची नाही."

"थांबायचं नाहीये," ओलेटा म्हणाली. "रविवारी काय करतेस?"

रविवारी कॉडिलांचं डेकोरेशन होतं. मे महिन्यात प्रत्येक घराणं आपापल्या डोंगरावरच्या कबरस्तानात जमतं, गवत काढतं, थडग्यांवर फुलं ठेवतं, आणि मग झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडून दिवसभर जेवतं. कारखान्यांत कामाला ओहायो-मिशिगनकडे गेलेलेही त्या दिवशी येतात. डेल्फसच्या हाताखाली शिकलेले खाणकामगार कॉडिल नव्हते, तरी तेही यायचे. ओलेटा सुक्या सफरचंदाचा सात थरांचा केक घेऊन चढण चढली. मागून ड्रेमा, हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा. रिकाम्या हातानं दुसऱ्याच्या डेकोरेशनला जाण्याइतकं निलाजरं त्या मुलखात कुणी नाही.

आधी जेवणं झाली. आधी कामाचं बोलली असती तर कुणी ऐकलंच नसतं. मग ओलेटानं डेल्फसच्या थडग्याजवळ बसलेल्या सातआठ जणांना विचारलं, की सरांच्या वर्गातली वही कुणी जपून ठेवलीय का.

ते हसायलाच लागले. एकानं वहीच्या कागदांनी शेकोटी पेटवली होती. एकाच्या बायकोनं पाठकोऱ्या पानांवर चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तिसरा म्हणाला, मी तर वही घेतलीच नव्हती, तरी सरांनी पास केलं. हॉबर्ट साइझमोर तेवढा हसला नाही. हॉबर्ट खाणीत मुकादम होता, वय एकसष्ट, मान बैलासारखी, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची पोरांची छाती नसे. तो केळ्याच्या पुडिंगमध्ये चमचा फिरवत राहिला.

ओलेटानं तीस वर्षं माणसं बघितली होती. गप्प कोण आहे हे तिला बोलणाऱ्यापेक्षा आधी दिसायचं. उतरताना तिनं त्याला गाडीपाशी गाठलं.

"हॉबर्ट, वही आहे तुमच्याकडे."

"असेल."

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

हॉबर्टनं मागं वळून डोंगरावर बघितलं, कॉडिलांची माणसं ऐकत तर नाहीत ना म्हणून. मग ड्रेमाकडे बघितलं. सतरा वर्षांपूर्वी ती त्याच्या शेजारच्या बाकावर बसायची.

"तिच्यासाठी देतो," तो म्हणाला. "पण पहिल्या परीक्षेचा कागद त्यात शिवलेला आहे. तो कुणी बघायचा नाही. वचन द्या."

ओलेटानं दिलं. संध्याकाळी त्यानं वही आणून दिली. तेलकट फडक्यात बांधलेली, पावणेदोनशे पानं, दर पानावर तारीख. सरांनी फळ्यावर जे काढलं ते सगळं, आकृत्यांसकट. शेवटच्या परीक्षेचा कागद मात्र त्यात नव्हता. पहिल्या परीक्षेची पानं हॉबर्टनं कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं गच्च बंद केली होती. तीन दिवस ओलेटा आणि ड्रेमा त्या वहीवरून आठवड्याआठवड्याचा अभ्यासक्रम लिहीत बसल्या. चिमट्याला दोघींनी हात लावला नाही.

गुरुवारी त्या विद्यापीठात गणिताच्या विभागप्रमुखांपुढं बसल्या. डॉ. लिंडक्विस्ट नावाचा उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. थंड होता, पण वाईट नव्हता. तो वही सावकाश वाचत गेला. मधेच भुवया वर जायच्या, पुन्हा खाली यायच्या. अर्ध्या तासानं त्यानं वही मिटली.

"शिकवलेलं चांगलं आहे," तो म्हणाला. "पण फळ्यावर काय लिहिलं होतं एवढंच यातून कळतं. मुलांकडून काय करून घेतलं ते नाही कळत. एखादी प्रश्नपत्रिका हवी. हा चिमटा कसला?"

"ते खाजगी आहे," ओलेटा म्हणाली.

"परीक्षेचा कागद आहे ना?"

"आहे. पण मी वचन दिलंय."

ड्रेमाचा चेहरा उतरला. चिमटा त्या वहीवर, वही टेबलावर, आणि ड्रेमाची सगळी पुढची वर्षं त्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये अडकलेली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हॉबर्टला काय कळतंय, उघडा. ओलेटानं विचारलं, तुमचा फोन वापरू का.

खाणीच्या कचेरीत कुणीतरी हॉबर्टला शोधायला गेलं. त्याला वर यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ डॉ. लिंडक्विस्ट कान खाजवत बसून राहिला, आणि त्यानं त्यांना हाकललं नाही याबद्दल ओलेटानं त्याला मनातल्या मनात पुढचे कितीतरी गुन्हे माफ केले. हॉबर्ट आला, तिनं सगळं सांगितलं.

"किती जण आहेत तिथं?" त्यानं विचारलं.

"आम्ही दोघी आणि हे सर."

"कॉडिलांपैकी कुणी नाही?"

"नाही."

"मग उघडा," हॉबर्ट म्हणाला. "पण त्यांना सांगा, शेवटच्या परीक्षेत मला अठ्ठ्याऐंशी होते."

ओलेटानं चिमटा काढला. वरच लाल शाईत ठळक एकतीस. खाली प्रश्न. खाणीचं तोंड अमुक उंचीवर, बोगदा इतक्या अंशांनी उतरतो, दोनदा वळतो. वर डोंगरावर कॉडिलांचं कबरस्तान. खोदकाम कबरस्तानापासून किती फूट लांब राहील? हॉबर्टनं दोन पानं आकडेमोड केली होती आणि त्याचा बोगदा सरळ वर जाऊन कबरस्तानातून बाहेर निघाला होता. त्याखाली डेल्फसनं लिहिलं होतं: "हॉबर्ट, तू माझ्या आजीला उठवून बसवलंस. तिला परत झोपव आणि पुन्हा कर."

डॉ. लिंडक्विस्टनं ते मोठ्यानं वाचलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला. ड्रेमाही हसली. आता ओलेटाला कळलं, की बिचारा हॉबर्ट सतरा वर्षं कॉडिलांच्या डेकोरेशनला येऊन त्याच आजीच्या थडग्याशेजारी कुणाच्या भीतीनं पुडिंग खात होता.

मग विभागप्रमुखानं पान उलटलं. मागं तेच गणित हॉबर्टनं पुन्हा केलं होतं, आणि पुन्हा, आणि चौथ्यांदा बरोबर. हसू थांबलं. त्यानं पेन्सिल घेऊन स्वतः ते सोडवायला सुरुवात केली. त्यालाही एकदा खोडावं लागलं, हे ओलेटानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"या मास्तरांची पदवी कुठली?"

"पदवी नव्हती," ओलेटा म्हणाली. ड्रेमानं टेबलाखाली तिचा पाय दाबला, पण ती खोटं बोलणार नव्हती. "राज्याचा मोजणीचा परवाना होता. ते वर्गात एकच सांगायचे. विद्यापीठातली पोरं करतात तेच गणित आहे हे. फरक इतकाच, की आपलं चुकलं तर छप्पर खाली येतं."

त्यानं पुन्हा एकदा एकतीसच्या आकड्याकडे बघितलं. मग त्यानं फॉर्म ओढला आणि सही केली. एकट्या ड्रेमासाठी नाही. डेल्फस कॉडिलनं शिकवलेला तो विषय त्रिकोणमिती म्हणून धरावा, ज्यांनी ज्यांनी पास केला त्या सगळ्यांसाठी.

त्या दिवशी ओलेटानं ड्रेमाला जेवणघरात नेलं आणि स्वतः खांबाजवळ उभी राहिली. ड्रेमा ट्रे घेऊन क्षणभर घुटमळली, मग पोरीसोरींच्या एका टेबलाशी जाऊन बसली. ओलेटाला रडू आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तिथं तिला ओळखणारं कोण होतं.

सोमवारपासून तिनं उरलेल्या अठरा नावांना फोन लावायला घेतले. तीन जण वारले होते, त्यांच्या बायकांना सांगितलं. हॉबर्टला सांगितलं, विद्यापीठात तुमची तीन क्रेडिट जमा आहेत.

"पदवीला किती लागतात?" हॉबर्टनं विचारलं.

"एकशे वीस."

"मग फार काही राहिलं नाही," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये ड्रेमा गेली. सोमवारी पहाटे जायची, गुरुवारी रात्री मुलांकडे परत यायची. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला. ओलेटानं यादी पुढ्यात घेतली, पण ड्रेमाचं नाव आलं की ती खालच्या नावाला फोन लावायची. सगळे संपले तरी ड्रेमा राहिलीच. पोरं परत येतात तेव्हा वाईट वाटतं. ही परत आली असती तर ते सतरा वर्षांपूर्वीच्या त्या न मागितलेल्या कागदाचं पाप असतं, निदान ओलेटाला तरी तसंच वाटत होतं. शेवटी तिनं वसतिगृहाचा नंबर फिरवला.

"मिस ओलेटा, पहिले मार्क लागले," ड्रेमा म्हणाली. आवाज बसलेला होता.

"किती?"

"चौतीस."

ओलेटाच्या डोळ्यांपुढं खिडकीत ठेवलेला ट्रे आला. गार झालेलं कालवण आलं. तिनं दरवर्षीची वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. तोवर पलीकडून ड्रेमाच बोलली.

"हॉबर्टला फोन करून सांगाल का? म्हणावं, त्याच्यापेक्षा तीन जास्त आहेत," ती म्हणाली. "आणि मी चौथ्यांदा करतेय ते गणित. आता ठेवते, जेवणघर बंद होईल. पोरी जागा धरून बसल्यात."

फोन बंद झाला. ओलेटानं यादीत ड्रेमाच्या नावापुढं खूण केली, आणि खाणीच्या कचेरीचा नंबर लावला.